काकूंच्या पत्राला महिना झाला, उत्तर लिहवत नाही

वाचक मैत्रिणीच्या पत्राचा गोषवारा:

मी २७ वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. वर्षभरापूर्वी आमच्या ऑफिसातल्या काही जणांनी मिळून शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमातल्या लोकांना हाताने पत्रं लिहायला सुरुवात केली. माझ्या वाट्याला ७९ वर्षांच्या एक काकू आल्या. मी दोन-दोन पानं लिहायचे, त्यांचं उत्तर तीन-चार ओळींचं. 'पत्र पोचले. प्रकृती ठीक. तू काळजी घे.' बालपणाबद्दल विचारलं, आयुष्यातली सर्वांत सुंदर आठवण विचारली, त्यावर काहीच नाही. त्या केवळ भिडेखातर लिहितात असं मला वाटू लागलं होतं. आणि मग अचानक दीड पानी पत्र आलं. त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी तापाने गेला, तेव्हा घरात त्याच्याजवळ त्या एकट्याच होत्या, त्याबद्दल. शेवटी लिहिलं होतं, 'तू मला मुलीसारखी. भेटायला कधी येतेस?' वाचून मी घाबरले. उत्तर लिहायला बसते आणि उठते. महिना झाला, पत्र ड्रॉवरमध्येच आहे. मी यात किती गुंतायचं? झेपणार नसेल तर आत्ताच थांबलेलं बरं नाही का? त्यात परवा आई म्हणाली, 'परक्या बाईला पानंच्या पानं लिहितेस, स्वतःच्या आजीला कधी एक ओळ लिहिलीस का?' आजी म्हणजे आईची आई. ती सातारा जिल्ह्यात गावी असते, चौथीपर्यंत शिकली आहे, ऐकू कमी येतं, फोनवर दोन मिनिटांच्या वर बोलणं होत नाही. आईचं बोलणं मला लागलं. मी जे करते ते नुसतं दाखवण्यापुरतं आहे का?

प्रिय मैत्रिणी,

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते. दाखवण्यापुरतं करणारा माणूस एका पत्रापाशी महिनाभर अडून बसत नाही, दोन गोड ओळी खरडून मोकळा होतो. तू घाबरलीस, कारण ते पत्र तू खरोखर वाचलंस.

पण काकूंचा हा महिना कसा गेला असेल? साठ-सत्तर वर्षं मनात ठेवलेली गोष्ट त्यांनी कागदावर उतरवली, पाकीट बंद केलं, आणि त्यानंतर तुझ्याकडून काहीच आलं नाही. आपण जास्त लिहिलं, पोरीला नको ते सांगितलं, असं त्यांना वाटत असणं अगदी शक्य आहे. म्हणून माझं उत्तर अर्धवट ठेवून उठलीस तरी चालेल, पण आज एक छोटं पत्र टाक. 'तुमचं पत्र मिळालं. पुन्हा पुन्हा वाचलं. काय लिहावं ते सुचेना म्हणून उशीर झाला. सविस्तर पत्र येत्या रविवारी लिहिते.' एवढं पुरे. मात्र पोस्टकार्डावर लिहू नकोस, पाकिटात घाल. भावाची गोष्ट त्यांनी तुला एकटीला सांगितली आहे, तिचा उल्लेख उघड्या कार्डावर नको.

आता तुझ्या एका समजुतीकडे येते. तीन-चार ओळींचं उत्तर म्हणजे भिडेखातर दिलेलं उत्तर, असं तू धरून चालली होतीस. मला तसं वाटत नाही. काकूंचा जन्म १९४६-४७च्या आसपासचा. त्यांच्या लहानपणी घरोघरी पत्र जायचं ते मुख्यतः खुशाली कळवायला. आपल्याकडे पोस्टकार्ड आलं १८७९ साली, पाव आण्याला, आणि पुढची शंभर वर्षं जन्म, मरण, पाऊसपाणी, सगळं त्यावरूनच कळत राहिलं. ते उघडं असतं. पोस्टमन वाचणार, शेजारी वाचणार, ज्या घरी जातंय तिथे मोठ्याने वाचलं जाणार. मुंबईच्या गिरणीत राबणारा माणूस रत्नागिरीकडे मनिऑर्डर करायचा तेव्हा फॉर्मवर निरोपासाठी चार ओळींचीच जागा असायची, आणि ज्या घरात वाचणारं कुणी नसे तिथे तो निरोपही पोस्टमनच वाचून दाखवायचा. सासरी गेलेल्या मुलीला 'मला इथे फार एकटं वाटतं' असं लिहायची सोयच नव्हती. 'इकडील सर्व क्षेम' लिहायचं, बाकीचं आईने अक्षरावरून ओळखायचं. अशा वळणात वाढलेल्या बाईने तुला 'प्रकृती ठीक, तू काळजी घे' लिहिलं तर त्यात कोरडेपणा शोधू नकोस. 'तू काळजी घे' हे त्यांनी मनापासूनच लिहिलं असणार.

शिवाय काही साध्या अडचणी असतात, त्या आपल्या नजरेत येत नाहीत. हात थरथरतो. मोतीबिंदूमुळे स्वतःचंच अक्षर नीट दिसत नाही. रिफिल संपलेली असते. वृद्धाश्रमात कागद, पाकीट, तिकीट मागायला ऑफिसात जावं लागतं, आणि मागणं ही गोष्ट या वयात फार जड जाते. लिहिलेलं पत्र पेटीत कोण टाकणार हाही प्रश्न असतोच. यावर एक सोपा उपाय आहे. प्रत्येक पत्रासोबत तुझा पत्ता लिहिलेलं, पाच रुपयांचं तिकीट लावलेलं कोरं पाकीट आणि दोन कोरे कागद पाठव. लिहिणं कमी असलं तर अडीच रुपयांचं आंतरदेशीय पत्रही चालतं, ते चिकटवलं की बंद होतं. तुमच्या गटातल्या सगळ्यांनीच हे करावं. आणि तू दोन पानं लिहू नकोस, एकच लिही. समोरून दोन पानं आली की तेवढीच परत पाठवता येत नाहीत याचं ओझं होतं, आणि त्या ओझ्यापायी उत्तरच राहून जातं.

प्रश्नांचंही तेच. 'आयुष्यातली सर्वांत सुंदर आठवण कोणती?' हा मुलाखतीतला प्रश्न झाला. एवढ्या मोठ्या आयुष्यातून एक क्षण निवडायचा, तो सुंदर असायला हवा आणि अनोळखी मुलीला लिहिण्याजोगाही हवा. असा प्रश्न मला कुणी टाकला तर मीही गप्प बसेन. प्रश्न लहान कर. शाळेत जायची वाट कशी होती? घरात पाणी कुठून यायचं आणि कोण भरायचं? गल्लीत पहिला रेडिओ कुणाकडे आला? या प्रश्नांना उत्तर देताना काही सिद्ध करावं लागत नाही, आणि घागर आठवली की घागरीबरोबर माणसं येतात.

मानसशास्त्रात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसून आली आहे. म्हाताऱ्या माणसांना आपल्या दहा ते तीस वर्षांच्या वयातलं इतर काळापेक्षा जास्त आणि जास्त ठळक आठवतं. काकूंच्या बाबतीत हा काळ साधारण १९५६ ते १९७६ असा येतो. त्या काळात महाराष्ट्रात काय काय घडलं ते बघ. १ एप्रिल १९५७ला आण्यांच्या जागी नवे पैसे आले तेव्हा त्या दहा वर्षांच्या असतील. दुकानात चार आण्यांचं काही घ्यायचं तर हिशेब कसा करायचे, मोठी माणसं गोंधळायची का? १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा त्या पुण्यात होत्या का? ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तो दूरदूरपर्यंत जाणवला होता. त्या रात्री त्या कुठल्या घरात झोपल्या होत्या? १९७२च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी मिळायची, मुलांना सुकडी हा कोरडा पौष्टिक खाऊ वाटायचे. त्या मिलोच्या भाकरी कशा लागायच्या? तारखांची परीक्षा घेऊ नकोस. एका पत्रात एकच प्रश्न विचार, आणि शक्यतो घरातला, अंगणातला, ताटातला.

आणि विचारण्याआधी स्वतःचं काही दे. तुझ्या पत्रांत काय असतं ते मला माहीत नाही, पण तरुण माणसांनी वृद्धाश्रमात पाठवलेली बरीच पत्रं मी वाचली आहेत. त्यांत शुभेच्छा पुष्कळ असतात, 'तुम्ही आमचे आधारस्तंभ आहात' असतं, आणि लिहिणाऱ्याचा स्वतःचा पत्ताच नसतो. काकूंना तुझ्याबद्दल काय माहीत आहे? तुझी खोली कुठल्या मजल्यावर आहे, खिडकीतून काय दिसतं, डब्यात काय नेतेस, कुणाशी भांडण झालंय? हे लिही. त्याहून महत्त्वाचं, तुला खरोखर अडलेलं काही त्यांना विचार. कैरीचं लोणचं दर वर्षी बुरशी का धरतं? साडीला फॉल लावताना टाका वर का दिसतो? नवीन ठिकाणी राहायला गेल्यावर पहिले काही दिवस कसे काढायचे? त्यांनी सांगितलेलं करून बघ आणि जमलं की बिघडलं ते पुढच्या पत्रात कळव. वृद्धाश्रमात माणसाला जेवण मिळतं, औषध मिळतं, पण त्याला कुणी काही विचारत नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत सगळं त्याच्यासाठी केलं जातं, त्याने कुणासाठी काही करायचं उरत नाही. तुम्ही एकटेपणा घालवायला पत्रं लिहिता, हेतू चांगला आहे, पण 'मी हिचा एकटेपणा घालवते आहे' अशा भावनेने लिहिलेलं पत्र वाचणाऱ्याला कळतं, आणि तिथे तो नुसता घेणाराच राहतो. काकूंना तुझ्या लोणच्याची काळजी वाटू दे. तुझं लोणचं टिकलं तर त्यांनी ते टिकवलं, हे त्यांना कळू दे.

आता त्या दीड पानी पत्राकडे येऊ. तुला वाटलं असेल, मी गोड आठवण मागितली आणि हे काय आलं! १९६३ साली रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने एक लेख लिहिला. म्हातारी माणसं मागचं काढत बसतात हे बुद्धी मंदावल्याचं लक्षण, असं तोवर सर्रास मानलं जायचं. बटलरने सांगितलं की शेवट जवळ आल्याच्या जाणिवेने माणूस आपलं आयुष्य पुन्हा एकदा बघतो, न मिटलेल्या गोष्टी समोर घेतो, आणि हे स्वाभाविक आहे. यातून काहींना शांतता मिळते, काहींना अपराधीपणा आणि दुःखही होतं, हेही त्याने तेव्हाच लिहून ठेवलं. काकूंनी तेच केलं आहे. वर्षभर तुझी पत्रं येत राहिली, तू टिकलीस, मग त्यांनी भावाचं सांगितलं. ते छोटे तीन-चार ओळींचे कागद फुकट गेले नव्हते. त्या तुला अजमावत होत्या.

तुझ्या रविवारच्या पत्रात सांत्वनाची वाक्यं लिहू नकोस. 'जे झालं ते विसरा', 'तुमची काही चूक नव्हती', 'देवाची इच्छा' यातलं काहीही नको. चूक नव्हती हे खरं असेलही, पण त्यांनी ते तुला विचारलेलं नाही, आणि असं वाक्य आलं की समोरच्याचं बोलणं तिथेच थांबतं. भावाचं नाव त्यांनी लिहिलं असेल तर ते नाव तुझ्या पत्रात लिही. त्या घरात ते नाव कित्येक वर्षांत कुणी उच्चारलं नसेल. मग त्याच्या जिवंतपणातलं काही विचार. तो कशाला हसायचा? तुमच्या मागे मागे फिरायचा का? सांगावंसं वाटलं तर सांगा, नाही सांगितलंत तरी चालेल, हेही जोड. मग त्याच पत्रात लोणच्यावर ये. दुःखाचं पत्र पूर्णवेळ दुःखाचंच ठेवायची गरज नाही, उलट त्याने काकूंना धीर येईल की सांगितल्याने काही बिघडलं नाही, पोरगी अजून तीच आहे.

एक गोष्ट मी कळकळीने सांगते. ते पत्र कुणालाही दाखवू नकोस. अशा गटांत आलेल्या उत्तरांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची पद्धत पडते, कुणी स्टेटसला ठेवतं, कुणी कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात वाचून दाखवतं. हेतू वाईट नसतो. पण त्या माणसाने एका व्यक्तीला लिहिलेलं असतं. तुमच्या गटात असं होत असेल तर तू उभी राहून थांबव. एखादी आठवण इतरांपर्यंत जावी असं खरंच वाटलं तर काकूंना पत्रातून विचार, त्यांनी हो लिहिलं तरच, आणि नाव-गाव काढून.

'तू मला मुलीसारखी' याने तू दचकलीस. मला वाटतं तू ते वाक्य एखाद्या करारासारखं वाचलंस. आपल्याकडे भाजीवालीला मावशी म्हणतात, शेजारणीला काकू, बसमध्ये जागा देणाऱ्या मुलाला बाळा. तू त्यांना काकू म्हणतेस म्हणून तू त्यांची पुतणी झालीस का? त्यांनाही ते ठाऊक आहे. ७९ वर्षं जगलेल्या बाईला आपली मुलगी कोण आणि कोण नाही हे कळतं. त्यांनी तुला जवळीक कळवली, जबाबदारी दिलेली नाही. तू एवढंच लिही की हे वाचून मला बरं वाटलं. वाटलं असेल तर.

पण 'भेटायला कधी येतेस?' याचं उत्तर मात्र नेमकं द्यायला हवं. 'लवकरच येईन' हे लिहू नकोस. वाट बघणाऱ्या माणसासाठी त्या दोन शब्दांइतकं जाचक दुसरं काही नाही. त्या रोज फाटकाकडे बघतील. जायची इच्छा असेल तर आधी वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांशी बोल, भेटीची वेळ ठरव, आणि मगच तारीख कळव. एकदा भेटून आलीस म्हणजे दर महिन्याला जावं लागेल असं नाही, आणि तेही स्पष्ट लिहिता येतं: 'मी दिवाळीनंतर एकदा येऊ शकते. एरवी पत्र मात्र दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात टाकत जाईन.' जायचं नसेल तर तसं सांग: 'भेटायला यायचं मला इतक्यात जमणार नाही, पण पत्र चुकणार नाही.' असं लिहिण्यात काही क्रूरपणा नाही. किती गुंतायचं, असं तू विचारलंस. महिन्याला एक पान वर्षानुवर्षं जमेल, असं वाटतं का? मग तेवढंच कबूल कर. सुरुवातीला आठवड्याला पत्र आणि मग सहा महिने शांतता, यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

कधी पैशांची मागणी आली, औषध मिळत नाही किंवा नीट वागवत नाहीत अशी तक्रार आली, तर ते एकटीने अंगावर घेऊ नकोस. परस्पर पैसे पाठवू नकोस, आणि दुर्लक्षही करू नकोस. उपक्रम चालवणाऱ्यांशी बोल. गंभीर वाटलं तर १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, मोफत आहे, तिथे सल्ला मिळतो. आणि कधी थांबायचं झालंच, नोकरी बदलली, शहर बदललं, तर मूकपणे गळू नकोस. दोन पत्रं आधीपासून सांग, शेवटचं पत्र शेवटचं म्हणून लिही. आणखी एक अप्रिय पण आवश्यक गोष्ट: काकू आजारी पडल्या किंवा गेल्या तर मला कळवा, असं व्यवस्थापकांना आजच सांगून ठेव. पत्रं परत येतात आणि कारण कळत नाही, असं पुष्कळांचं होतं.

तुझ्या गटातल्या कुणाच्या वाट्याला स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती आली असेल, किंवा हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात असेल, तर 'आठवतंय का?' हा प्रश्नच सोडून द्या. उत्तर येत नाही आणि माणूस शरमतो. अमेरिकेत अ‍ॅन बास्टिंग यांनी नव्वदच्या दशकात एक वेगळी पद्धत सुरू केली. एखादं चित्र समोर ठेवायचं आणि विचारायचं, इथे काय चाललंय, हा कोण असेल, पुढे काय होईल? जे उत्तर येईल ते बरोबर, सगळं लिहून घ्यायचं, आणि मिळून गोष्ट रचायची. पत्रासोबत बैलगाडीचं, बाजाराचं, लग्नाच्या मांडवाचं चित्र पाठवा. तिथे काळजी घेणाऱ्या ताईंना बसून विचारायला सांगा. आणि काकूंच्या दोन पत्रांत तपशील जुळले नाहीत तर दुरुस्त करू नकोस. तुला त्यांचा इतिहास तपासायचा नाही.

आता आई. तिचं बोलणं लागलं, कारण त्यात तथ्य आहे, पण तू त्यातून चुकीचा निष्कर्ष काढते आहेस. काकूंना लिहिणं थांबवलंस म्हणून आजीला एक ओळ जास्त जाणार नाही. परक्या माणसाला लिहिणं सोपं असतं हे कबूल करायला हरकत नाही. काकूंशी तुझा जुना हिशेब नाही. त्या तुला लग्नाचं विचारत नाहीत, मामाने जमिनीचं काय केलं हे सांगत नाहीत, 'मागच्या गणपतीत आली नाहीस' म्हणत नाहीत. आजी हे सगळं करते, कारण तिचा तुझ्यावर हक्क आहे. आणि आई 'स्वतःच्या आजीला' म्हणाली, पण ती आजी म्हणजे तिची आई आहे. गावी एकटी असलेल्या, फोनवर नीट ऐकू न येणाऱ्या आईची काळजी ती कुणापाशी बोलते? तुझ्या टेबलावरचे ते सुंदर कागद बघून तिला तेच टोचलं असेल.

दोन मिनिटांच्या फोनचं कारण बहुधा कानात आहे. वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा सहसा उंच पट्टीतले आवाज आधी जातात. स, श, फ, थ अशी अक्षरं निसटतात. आवाज येतो, शब्द लागत नाही. समोर असलीस तर ती ओठ बघून अंदाज बांधते, फोनवर तेही नाही, आणि ओरडून बोललं की शब्द आणखी फाटतो. मग ती 'बरं बरं, ठेव' म्हणते. कान एकदा तपासून घ्या. वयाचंच असेल असं धरून बसू नका, कधी कधी नुसता मळ साठलेला असतो. पण तोवर, आणि त्यानंतरही, पत्र आहे. पत्राला कान लागत नाहीत.

आजीसाठी पत्र वेगळं लिही. जोडून, पळत्या अक्षरात नको. छापल्यासारखं मोठं, सुटं अक्षर, काळी शाई, ओळींमध्ये भरपूर अंतर, चकचकीत नसलेला जाड कागद, आणि एकाच बाजूला, कारण मागची शाई उमटली की वाचता येत नाही. सुरुवात 'ती. सौ. आजीस' की 'गं. भा.' (गंगा भागीरथी, नवरा हयात नसलेल्या बाईसाठीचं जुनं संबोधन) ते आईला विचार, आणि 'शि. सा. न.', म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार, जरूर लिही. ती अक्षरं ओळखीची वाटून ती पुढचं वाचू लागेल. पत्त्यात पिन कोड न विसरता घाल. ती सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली, आणि ती बसवणारे टपाल खात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर कोकणातल्या वेळणेश्वरचे, संस्कृतचे मोठे पंडित. आजीला ही गोष्ट लिहून कळव, तिला आवडेल असं वाटतं.

तिला वाचणं जड गेलं तर शेजारचं पाचवी-सहावीतलं पोर वाचून दाखवेल. हे गृहीत धरूनच लिही: चारचौघांत वाचलं गेलं तरी चालेल असं. त्या पोरालाही एक ओळ लिही, 'वाचून दाखवल्याबद्दल शाबास', म्हणजे पुढच्या वेळी ते धावत येईल. उत्तर तिने लिहायलाच हवं असं नाही. तिने सांगावं आणि पोराने लिहावं, किंवा कुणाच्या फोनवर बोलून पाठवावं. आणि तिला 'तुझं आयुष्य सांग' म्हणू नकोस, ओव्या विचार. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या बायकांनी सासर, माहेर, भाऊ, लेक, पाऊस, राग, सगळं त्या दोन-तीन ओळींत घातलेलं होतं. तुझ्या आजीकडे तिच्या आईच्या ओव्या असतील. एक ओवी मागव, मिळाली की वहीत उतरव, आणि ती कुणावर रचली हे पुढच्या पत्रात विचार. तिने त्यात लग्नाचं काढलं तर एका ओळीत उत्तर दे आणि पुढे जा. कागदावर ते जमतं.

पाठवण्यापूर्वी दोन्ही पत्रांचे फोटो काढून ठेव. आपण काय विचारलं होतं ते महिन्याने आठवत नाही, आणि त्यांना मात्र लक्षात असतं.

आजीच्या पत्राच्या तळाशी ता. क. लिहून चार ओळींची जागा मोकळी सोड आणि कागद आईपुढे ठेव. तिने लिहिलं तर उत्तम. नाही म्हणाली तर आग्रह करू नकोस, पत्र तसंच पाठव, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेवढी जागा ठेव.